दुखवट्याचा घास

आमच्या नारायणगावात समुद्र आलाय, हे तुमाला म्हाईत हाय का? मलाबी नव्हतं. हायवेला जिथं टोमॅटोचा प्लॉट व्हता, तिथं आता कोकण हाय. दारात लाकडाची होडी, होडीखाली ट्रॅक्टरनं आणून टाकलेली वाळू, आन वाळूत नारळाचं झाड, तेबी प्लॅस्टिकचं. शनवारी-रविवारी पुण्या-मुंबईचं लोक शिवनेरी चढून, लेण्याद्रीला जाऊन दमून येत्यात आन हितं मासं खायला बसत्यात. एकदा माणशी पैसं भरलं की पायजे तेवढं खावा, कुणी इचारत न्हाई. अनलिमिटेड म्हणत्यात त्याला.

तिथं आमी दुखवटा काढायला गेलो. हसताय? हसा. मीबी आधी हसलेच व्हते.

मी मंगल, वारूळवाडीची. साळुबाई मपली नणंद, लोणीला दिलेली. तिचं मालक, धर्माजी पावणं, दिवाळी झाल्यावर गेलं. विहिरीवर मोटर चालू करायला गेलेला माणूस, पाइपापाशी जरा टेकला तो उठलाच न्हाई. ना दुखणं, ना दवाखाना. गळ्यात तुळशीची माळ, तोंडात कधी शिवी न्हाई, असा माणूस. दहावा झाला, तेरावा झाला. आता आमच्याकडं रीत अशी, की तेरावा झाला म्हंजी माहेरच्यांनी दुखवटा काढायचा. बाईला नवी साडी घ्यायची, वशाटाचं, म्हंजी मटण-मासळीचं जेवण करायचं, आन पयला घास भावानं आपल्या हातानं भरवायचा. तो घास पोटात गेला की दुखवटा निघाला. मंग बाईनं रडायचं न्हाई, उंबरा ओलांडून चार माणसांत यायचं, लग्नाकार्याला उभं राहायचं. लोकबी मंग तिच्या म्होरं गेलेल्याचा विषय काढीत न्हाईत.

पण वन्सं काय दाद देईनात. तेराव्यानंतर बोलावलं, तर म्हणल्या गाय व्यायला झालीय. संक्रांत झाल्यावर बोलावलं, तर कांद्याची लागण चाललीय. पुन्हा सांगावा धाडला, तर कंबर धरलीय. आन हिकडं बाई वाळून कोळ व्हत चाललेली. भाकरीचा चतकोर पुढ्यात घेऊन बसायची आन गपचिप उठून गाईला घालायची. हे मला श्रेयानं सांगितलं, फोनवर रडत रडत. श्रेया तिची एकुलती एक पोर. पावणं व्हते तवाच तिचं मंचरला चांगल्या घरात जमलेलं. पोराकडची माणसं भली, पण तीबी म्हणत व्हती, आईचा दुखवटा निघू द्या, मंगच सुपारी फोडू. त्यांचं तरी काय चुकलं? आई दुखवट्यात बसलेली आन पोरीच्या अंगाला हळद लावायची का? वैशाख लागला. जेष्ठ सरला की लग्नाच्या तिथी संपल्या, मंग थेट दिवाळीच्या पुढं. तवर पोरगं थांबतंय का न्हाई, कुणी सांगावं.

माझं टाळकंच फिरलं. मी आमच्या मालकांना म्हणलं, "तुमी सख्खं भाऊ हाय का कोण? जाऊन उचलून आणा की!"

आमचं मालक म्हंजी मुलखाचं अबोल. आठवडाभरात त्यांचं जेवढं शब्द खर्ची पडत्यात, तेवढं माझं नुस्ता चहा गाळताना पडत्यात. ते म्हणले, "येईल. तिला येऊ दे." झालं. संपलं भाषण.

तवा आमचा स्वराज बोलला. चाकणला कंपनीत हाय तो. म्हणला, "आई, आत्या घरी यायलाच भितीय. आली की सगळ्या बाया गळ्यात पडून रडणार, तिलाबी रडवणार. त्यापेक्षा तिला भायेर नेऊ. हायवेला ते मासळीचं झालंय ना, आमच्या कंपनीतली पोरं जात्यात तिथं. आत्याला मासं आवडायचं म्हणती ना तू?"

आवडायचं? अरं, वन्संचा जीव माशात! पोरगी व्हती तवा मीना नदीला परकराचा घोळ लावून मासं धरायची, आन तिथंच काटक्या पेटवून भाजायची. आन अशी पोरगी दिली कुटं, तर माळकऱ्याच्या घरात. तवापासून बंद. माहेरपणाला आली आन मी हौसेनं रस्सा केला, तरी म्हणायची, "नको वैनी, ह्यांना चालत न्हाई." मला असा राग यायचा त्या पावण्यांचा! अरं, तू खाऊ नको ना, बायकोच्या तोंडाला कशाला कुलूप? आन मी काय मनात ठेवणारी न्हाई. चारचौघांत म्हणायची, "पावणं, तुमच्या माळंपायी आमच्या पोरीची जीभ वाळली." ते आपलं हसायचे आन म्हणायचे, "खरं हाय वैनी तुमचं."

म्हणून स्वराजनं मासळीचं नाव काढल्याबरोबर मी म्हणलं, ठरलं. मालक म्हणले, "घरी करू." मी म्हणलं, "घरी बोलावून दमलो की!" मपलंच खरं करायची खोड हाय मला, जाता जायची न्हाई. वन्संला आणायचं काम श्रेयावर टाकलं. तिनं काय आडपडदा ठेवला न्हाई. आईला म्हणली, "माझ्यासाठी चल." आन बाई निघाली.

रविवारचं ऊन डोक्यावर आलं व्हतं. आत जायच्या आधी एक पोरगी सगळ्यांच्या मनगटाला निळी कागदाची पट्टी चिकटवत व्हती, कुणी फुकट घुसू न्हाई म्हणून. वन्संचा हात तिच्याम्होरं गेला. मोकळं मनगट, चुडा उतरवल्यापासून त्यावर काय चढलं नव्हतं. पोरीनं हसत हसत पट्टी चिकटवली आन म्हणली, "एन्जॉय, काकू." वन्सं त्या पट्टीकडं बघतच राहिल्या. मी हात धरून आत नेलं.

आत काय सांगू तुमाला! थंडगार हवा, गाणी चाललेली, आन भिंतीला लागून नुस्ती पातेली. तळलेली सुरमई, बांगडा, कोळंबी, बोंबील, खेकड्याचा रस्सा, सोलकढी. बर्फावर अख्खं मासं मांडलेलं, डोळं उघडं ठिवून. लोक ताटात डोंगर रचून आणत व्हते, निम्मं खात व्हते आन पुन्हा उठत व्हते. एक बाई तर खेकड्याची नांगी तोंडाजवळ धरून फोटोच काढीत बसलेली. खा की गं बये! पांढऱ्या टोपीतला एक जण आमच्यापाशी आला आन म्हणला, "सेल्फ सर्व्हिस आहे, आपापली प्लेट घ्या."

तिथं आमची पयली गोची झाली. दुखवट्याचं जेवण बाईनं आपल्या हातानं वाढून घ्यायचं नसतं. माहेरच्यांनी वाढायचं आन बसून भरवायचं. हे आमच्यापैकी एकाच्याबी डोक्यात आलं नव्हतं. मंग मालकच उठले. धोतर-टोपीतला माणूस, त्या हाफ चड्डीवाल्यांच्या रांगेत ताट घेऊन उभा राहिला. चिमट्यानं सुरमईचा तुकडा उचलायचे, तो निसटून पुन्हा पातेल्यात पडायचा. मागची पोरं चुळबुळ करीत व्हती. मी आपली जागेवरनंच वराडले, "हातानं घ्या वो!" सगळी वळून बघाया लागली. बघू द्या. शेवटाला सुरमईचे दोन तुकडे, तांदळाची भाकरी आन रस्सा, असं ताट घेऊन आले आन बहिणीम्होरं ठेवलं.

मी नव्या साडीची घडी वन्संच्या मांडीवर ठेवली. कपाळाला कुंकवाचं बोट लावायचं का न्हाई ते मला कळंना, म्हणून नुस्ता पदर सारखा केला. मालकांनी भाकरी मोडली, माशाचा काटा काढला, घास केला आन तिच्या तोंडाशी नेला.

वन्संनी तोंड उघडलं न्हाई.

"घे साळे," मालक म्हणले.

तिनं मान हलवली. व्हट असे दाबून धरलेले, की पांढरे पडले. मालक घास तसाच धरून व्हते. रस्सा बोटावरनं मनगटाला आला, तिथनं बाहीत गेला, तरी हात खाली आला न्हाई. श्रेया ताटाकडं बघत बसलेली, तिच्याच्यानं मान वर करवंना. मला तर बाई त्या पोरीकडं बघून कसंकसंच झालं. आन मला कसंकसं झालं की मपली जीभ सुटती.

मी म्हणलं, "खावा की वन्सं! इतकी वर्षं जीव मारला. आता पोटभर खावा. आता कोण हाय अडवायला?"

तोंडातनं शब्द गेला आन मलाच कळलं, आपण काय बोललो ते. स्वराज म्हणला, "आई!" मालकांनी माझ्याकडं बघितलंसुदिक न्हाई. त्यांनी घास ताटात ठेवला.

वन्सं मातर शांत. कितीतरी महिन्यांनी त्यांनी मपल्या डोळ्यात डोळं घालून बघितलं. म्हणल्या, "वैनी, त्यांनी मला कधी अडवलंच न्हाई."

"म्हंजी?"

"बाजारच्या दिवशी चिलापी मासं तेच आणायचे. धरणातली, ताजी. गाडीच्या हँडलला पिशवी, आन वर कोथिंबिरीची जुडी, कुणाला दिसू न्हाई म्हणून. दारात आले की म्हणायचे, घे, तुपली भाजी आणली. घरात देव हाय म्हणून गोठ्यामागं तीन दगडांची चूल त्यांनीच मांडून दिली. मी तिथं तवा ठेवायची. आन मी जेवाया बसले की ते माझ्याकडं पाठ करून बसायचे, बांधाकडं तोंड करून."

स्वराज म्हणला, "पाठ करून कशापायी आत्या?"

"माळकरी माणूस बाळा. बघायचं न्हाई त्यांना. पण बाईनं एकटीनं जेवू न्हाई म्हणायचे. आन म्हणायचे, माशात काटा असतो, जेवताना तू बोलू नको, मी बोलतो. मंग माझं ताट संपूस्तवर बोलत राहायचे. मोटर जळाल्याचं, कॅनॉलचं, कुणाच्या गाईनं कुणाचा ऊस खाल्ला त्याचं. मी हां म्हणलेलंबी चालायचं न्हाई त्यांना. काटा लागंल म्हणायचे."

श्रेया म्हणली, "मला म्हाईत हाय मामी. मी लहान असताना दादांच्या मांडीवर बसायची, त्यांच्यासंगं पाठ करून." बापाला ती दादा म्हणायची.

मी म्हणलं, "मंग वन्सं, तुमी आमाला उलटं का सांगत व्हता? त्यांना चालत न्हाई म्हणून?"

"माळकरी माणूस बाजारातनं मासं आणतो, हे कळलं असतं तर गावानं त्यांना जगू दिलं असतं का? त्यांनीच सांगितलं व्हतं. म्हणले, मी खाऊ देत न्हाई असं सांग. मला कुणी वाईट म्हणलं तर म्हणू दे, माळंला कुणी नाव ठेवाया नको."

आता मी कुटं बघू सांगा. ज्या माणसाला मी जलमभर चारचौघांत टोचलं, तो हसून "खरं हाय वैनी तुमचं" म्हणायचा, आन घरी जाऊन बायकोसाठी मासं आणायचा. त्याच्या मयताला मी सगळ्यांत मोठ्यानं रडले, आन तरी मनात कुटंतरी म्हणत व्हते, सुटली बाई. मेल्या मपल्या जिभंला हाड न्हाई ते न्हाई, डोळंबी नव्हते की काय! मला तिथं भुईत गाडून घ्यावंसं वाटलं.

वन्सं म्हणल्या, "आन मला घासाचं काय न्हाई वैनी. भावानं भरवलेला घास मी नको कशी म्हणंन? पण हा खाल्ला की दुखवटा निघाला. आज लोक दारात येत्यात, त्यांचं नाव काढत्यात. मी रडले तर म्हणत्यात, रडू द्या, दुखवट्यात हाय. उद्या रडले तर म्हणतील, आता काय झालं हिला? निघाला ना दुखवटा? आवं, माझ्यापाशी त्यांचं तेवढंच राहिलंय. तेबी आज हितं ठेवून जाऊ का?"

शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस व्हता. टाळ्या वाजवीत व्हते.

मंग श्रेया उठली. "आई, चल घरी. मला न्हाई करायचं लग्न. त्यांना मी सांगते. तुझा दुखवटा कुणी काढायचा न्हाई, तू पायजे तेवढं रड."

पोरगी खरंच निघाली व्हती. पर्स खांद्याला लावली, खुर्ची मागं सारली. वन्संनी तिच्याकडं बघितलं. बापासारखीच दिसती श्रेया, तेच कपाळ, तीच हनुवटी. किती वेळ बघत व्हत्या काय म्हाईत. मंग त्यांनी तिचा हात धरून खाली ओढला आन म्हणल्या, "बस. खाली बस आधी." आन भावाकडं तोंड करून म्हणल्या, "भरव दादा."

मालकांनी तोच घास उचलला. वन्संनी डोळं मिटलं आन तोंड उघडलं. घास आत गेला. चावला, गिळला. एक टिपूस काढलं न्हाई बाईनं. एवढंच म्हणल्या, "निघाला का?"

मालक म्हणले, "निघाला."

दुखवटा निघाला व्हता. श्रेयाची सुपारी आता फुटणार व्हती. त्याच्यासाठीच तर सगळा आटापिटा केला मी, आन आता मला वाटत व्हतं, कुणीतरी हा घास माघारी घ्यावा. वन्सं ताटाम्होरं तशाच बसलेल्या. सुरमईचा तुकडा पुढ्यात, आन हात मांडीवर साडीच्या घडीवर. एक घास रीतीपुरता झाला. पुढचं जेवण काय त्यांच्याच्यानं व्हईना. आन त्या ताटावरनं उठंनातबी.

तवा आमचं मालक उठले. मला वाटलं, हात धुवाया चालले. पण त्यांनी आपली खुर्ची उचलली, गर्रकन फिरवली आन बहिणीकडं पाठ करून बसले. तोंड भिंतीकडं. भिंतीवर निळा समुद्र रंगवलेला.

आन बोलाया लागले.

"कॅनॉलला पाणी सोडलंय परवा. औंदा लवकर सोडलं. आपल्या खालच्या तुकड्यात टोमॅटोची रोपं लावलीत, तारा वडायच्या राह्यल्यात. बांबू महाग झालाय. ती तांबडी गाय हाय ना, तिला दुसरं वासरू झालं. कालवड झाली. लई खोडकर हाय. दोर तोडून पळाली आन थेट शेजाऱ्याच्या मेथीत."

एवढं बोलताना मी त्यांना लग्नापासून आयकलं नव्हतं. वन्संनी डोळं उघडलं. भावाच्या पाठीकडं बघितलं. मंग हळूच हात ताटात नेला, सुरमईचा तुकडा मोडला, काटा काढला आन घास घेतला. चूप. शब्द न्हाई. पुन्हा एक घास.

मी मालकांच्या कडंला व्हते, म्हणून मला त्यांचं तोंड दिसत व्हतं. डोळ्यातनं धारा लागलेल्या, मिशांतनं खाली गळत व्हत्या. आन आवाज मातर सरळ. कालवडीचं, मेथीचं, शेजारी काय म्हणला त्याचं. बोलता बोलता "पावणं व्हते तर" म्हणले आन तिथं त्यांचा आवाज अडकला.

मागनं वन्सं म्हणल्या, "बोल की दादा. थांबू नको."

त्यांच्याच्यानं बोलवंना. मंग मी मपली खुर्ची फिरवली. श्रेयानं फिरवली, स्वराजनं फिरवली. सगळी त्या समुद्राकडं तोंड करून बसलो. पांढऱ्या टोपीवाला पळत आला आन म्हणला, "काही प्रॉब्लेम झालाय का सर?" स्वराज म्हणला, "काय न्हाई. आमची आत्या जेवतीय."

मी बोलाया लागले. काय बोलले ते आता इचारू नका, आठवत न्हाई. लोणच्याच्या कैऱ्या, कुणाच्या सुनंचं बाळंतपण, जीपवाल्यानं कसं दाटीवाटीनं कोंबलं. मपल्या तोंडाला कधी खळ नसतो, तेवढं एकदा तरी कुणाच्या उपयोगी पडलं. मागं ताटात काटे टाकल्याचा बारीक आवाज येत व्हता. तो आवाज येतोय तवर मी दम घेतला न्हाई.

मंग तो आवाज थांबला. आन मागनं हुंदका आला. आधी दाबलेला, मंग मोकळा. दिवाळीपास्नं साठलेलं सगळं, त्या गाण्याच्या गोंगाटात.

श्रेया वळाया लागली. मी तिचा गुडघा दाबून धरला. दुखवटा निघालेल्या बाईनं रडायचं नसतं, आन रडली तर ते कुणी बघायचं नसतं. आमी कुणी वळलो न्हाई. मी आपली बोलतच राहिले.